फिक्स्ड रेट कॅश आयसा: जुना मॅच्युअर होतोय, पैसे नव्या ठिकाणी कसे न्यायचे?

थेम्सकाठची | १४ जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी. यूकेतल्या आयसा (ISA) या करमुक्त बचत खात्याबद्दल विचारायचंय.

दोन वर्षांपूर्वी एका बिल्डिंग सोसायटीत (म्हणजे इथली बँकेसारखी बचतसंस्था) दोन वर्षांचा फिक्स्ड कॅश आयसा उघडला होता, ४.६ टक्क्यांनी. तो येत्या ११ फेब्रुवारीला मॅच्युअर होतोय. व्याजासकट जवळपास २१,९०० पौंड होतील. शिवाय या वर्षीचे ६,००० पौंड एका ॲपवाल्या बँकेच्या इझी ॲक्सेस (हवे तेव्हा पैसे काढता येणाऱ्या) आयसात टाकलेत. सोसायटीचं पत्र आलंय की आम्ही काही कळवलं नाही तर पैसे त्यांच्याच एका साध्या आयसात जातील, दर दीड टक्का. दुसरीकडे एक वर्षाचा फिक्स्ड ४.१ ने मिळतोय आणि ते ट्रान्स्फर घेतात.

नवऱ्याचं म्हणणं, पैसे आपल्या करंट अकाउंटला घे आणि तिथून नव्या बँकेत टाक, पाच मिनिटांचं काम आहे. माझं मन काही मानत नाही. शिवाय २१,९०० म्हणजे वर्षाच्या २०,००० च्या मर्यादेच्या वरच जातात, मग ते एका खात्यात मावणार कसे? मी ४० टक्केवाल्या स्लॅबमध्ये आहे. कोणी हे नुकतंच केलं असेल तर सांगा.

चहाबाज | १४ जानेवारी

नवऱ्याचं ऐकू नका. बाकीचं जाणकार सांगतीलच.

व्याजबट्टा | १४ जानेवारी

चहाबाज, हसलो. पण या बाबतीत सल्ला खरा आहे.

ताई, तुमचे यजमान म्हणतात तसं केलंत तर करंट अकाउंटला आल्या क्षणी ते पैसे आयसाचे राहत नाहीत, साधे पैसे होतात. मग ते परत आत टाकायचे तर या वर्षीच्या मर्यादेतूनच टाकावे लागणार. तुम्ही ६,००० आधीच वापरलेत, म्हणजे फक्त १४,००० आत जातील. उरलेले ७,९०० बाहेर, त्यांना ६ एप्रिलला नवं करवर्ष सुरू झालं की पुढच्या वर्षीची मर्यादा खर्च करून आत घ्यायचं. आणि मुख्य म्हणजे, या वर्षी नवे १४,००० टाकायची जी सोय होती ती जुनेच पैसे आत ठेवण्यात गेली. काही आयसा फ्लेक्सिबल असतात, त्यातून काढलेले पैसे त्याच करवर्षात त्याच खात्यात परत टाकता येतात. पण फिक्स्डमध्ये ही सोय सहसा नसते आणि तुम्हाला तर खातंच बदलायचंय.

योग्य मार्ग उलटा आहे. जुन्याकडे काही मागायचंच नाही. नव्या बँकेत खातं उघडायचं, तिथेच ट्रान्स्फरचा फॉर्म भरायचा, आणि नवी बँक जुन्याकडून पैसे ओढून घेते. आधीच्या वर्षांचे पैसे असे आणले की ते या वर्षीच्या २०,००० मध्ये मोजलेच जात नाहीत. २१,९०० काय, दोन लाख असले तरी चालतील. फक्त कायद्याने जुन्या बँकेला पैसे सोडावेच लागतात, पण नव्या बँकेने ते घेतलेच पाहिजेत असं बंधन नाही. तुमची घेते आहे, प्रश्न मिटला.

आता फॉर्ममधली एक खोच, जिच्यावर लोक हमखास घसरतात. त्यात विचारतात की ट्रान्स्फर लगेच करायची की मॅच्युरिटीच्या दिवशी. घाईत 'लगेच' वर टिक झाली तर नवी बँक उद्याच मागणी पाठवते आणि जुनी मुदतीआधी खातं मोडल्याचा दंड कापून पैसे देते. तारीख नीट लिहा.

थेम्सकाठची | १४ जानेवारी

बाप रे, हे तारखेचं डोक्यातच नव्हतं. मग ११ फेब्रुवारीपर्यंत थांबून मगच फॉर्म भरू का?

व्याजबट्टा | १५ जानेवारी

नको. फिक्स्डचे दर कधीही मागे घेतात, सकाळी दिसलेलं खातं संध्याकाळी गायब. आज खातं उघडलंत तर बहुतेक ठिकाणी दर तुमच्यासाठी पक्का होतो. मात्र पैसे किती दिवसांत पोचले पाहिजेत याची प्रत्येकाची खिडकी वेगळी असते, कुठे दोन आठवडे, कुठे दोन महिने. खात्याच्या माहितीपत्रकात 'ट्रान्स्फर इन' असा भाग असतो तेवढा वाचा. ११ फेब्रुवारी त्या खिडकीत बसत असेल तर आजच उघडा.

कॅश आयसातून कॅश आयसात ट्रान्स्फर १५ कामकाजाच्या दिवसांत व्हावी असा दंडक आहे. ११ फेब्रुवारीला बुधवार आहे, म्हणजे अगदी रेंगाळलं तरी ४ मार्च. तेवढे तीन आठवडे दीड टक्क्यावर काढावे लागले तर तुमचं तीसेक पौंडांचं नुकसान. त्यासाठी रात्र जागवू नका. आणि जुन्या सोसायटीच्या पत्रात न कळवल्यास नव्या फिक्स्डमध्ये टाकू असं लिहिलेलं नाही ना, ते पुन्हा एकदा बघा. काही जण तसं करतात, आणि मग सुटायला परत दंड.

हॅरोकर | १५ जानेवारी

एक विरोधी सूर. एवढा खटाटोप सगळ्यांना लागतो का? मी २० टक्के स्लॅबमध्ये आहे. मला १,००० पौंडांपर्यंतचं व्याज तसंही करमुक्त. २०,००० पौंड ४.२ टक्क्यांनी ठेवले तर व्याज ८४०, कर शून्य. साध्या फिक्स्ड बाँडला (आयसाबाहेरच्या मुदत ठेवीला) आयसापेक्षा दर थोडा जास्तच मिळतो. मग आयसा कशाला?

लेस्टरचा_आबा | १५ जानेवारी

हॅरोकर, तुमचं आजचं गणित बरोबर आहे. आम्हीही असंच म्हणायचो, तेव्हा व्याजदर नगण्य होते. पैसे वाढतात हो. शिवाय उत्पन्न ५०,२७० च्या वर गेलं की ती १,००० ची सवलत ५०० वर येते, आणि त्या उत्पन्नात हे व्याजसुद्धा धरतात.

ताईंचंच उदाहरण घ्या. ४० टक्के स्लॅब, समजा ३०,००० पौंड बाहेर ४ टक्क्यांनी ठेवले. व्याज १,२००, त्यातले ५०० माफ, ७०० वर २८० पौंड कर. दरवर्षी. आयसात हा आकडा शून्य, आणि टॅक्स रिटर्न भरत असाल तर त्यात ते व्याज लिहायचीही गरज नाही. आत एकदा गेलेली रक्कम वर्षानुवर्षं आत राहते, गंमत त्यात आहे. १९९९ साली आयसा सुरू झाला तेव्हापासून नेमाने टाकत आलेले लोक माझ्या ओळखीत आहेत, त्यांच्या रकमा ऐकून मला दम लागतो.

व्याजबट्टा | १५ जानेवारी

आबांना अनुमोदन. आणि एप्रिल २०२७ पासून दोन्ही बाजूंनी चिमटा आहे. नोव्हेंबरच्या बजेटमध्ये जाहीर झालंय की ६ एप्रिल २०२७ पासून ६५ वर्षांखालच्यांना कॅश आयसात वर्षाला फक्त १२,००० टाकता येतील. एकूण मर्यादा २०,००० च राहणार, पण उरलेले ८,००० शेअर्सवाल्या आयसात. त्याच महिन्यापासून आयसाबाहेरच्या व्याजावरचे करदर दोन-दोन टक्क्यांनी वाढणार: २० चे २२, ४० चे ४२. म्हणजे ज्यांना रोखच ठेवायची आहे त्यांच्याकडे पूर्ण २०,००० टाकायला हे वर्ष आणि पुढचं, एवढीच संधी.

लेस्टरचा_आबा | १५ जानेवारी

६५ च्या वरच्यांना २०,००० कायम! म्हातारपणाचा एक तरी फायदा मिळाला. गुडघे मात्र फिक्स्ड रेटने दुखतात.

नवीन_पाखरू | १६ जानेवारी

धागा वाचून प्रश्न पडला. मी गेल्या वर्षी जूनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर आलोय, बर्मिंगहॅमला. मला आयसा उघडता येतो का? आणि भारतातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) एफडीला सहा-साडेसहा टक्के मिळतात, तेही करमुक्त. मग चार टक्क्यांच्या मागे कशाला लागायचं?

व्याजबट्टा | १६ जानेवारी

येतो. व्हिसा कुठला ते बघत नाहीत, वय १८ पूर्ण आणि तुम्ही करासाठी यूकेचे रहिवासी असलात की झालं. नॅशनल इन्शुरन्स नंबर तयार ठेवा.

एनआरईचं व्याज करमुक्त आहे ते भारतात. इथे राहणाऱ्याला ते इथल्या उत्पन्नात धरावं लागतं, आणि भारतात कर भरलेलाच नसल्यामुळे इथे वजावट मिळायला काही नाही. पीपीएफच्या व्याजाचं तेच. आपल्यातले बरेच लोक 'टॅक्स फ्री' हा शिक्का दोन्ही देशांत चालतो असं धरून चालतात आणि एचएमआरसीचं (इथल्या करखात्याचं) पत्र आल्यावर धावपळ करतात. भारतीय बँका खात्यांची माहिती इकडे कळवतात, हे लक्षात असू द्या.

तुम्हाला मात्र एक सवलत असू शकेल. एप्रिल २०२५ पासून नवा नियम आहे: येण्याआधीची सलग दहा करवर्षं तुम्ही यूकेचे रहिवासी नसाल तर पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्न इथे करमुक्त ठेवता येतं. त्यासाठी रिटर्नमध्ये मागणी करावी लागते आणि त्या वर्षी १२,५७० चा पर्सनल अलाउन्स (तेवढ्या उत्पन्नावरची करमाफी) सोडावा लागतो. शंभर-दोनशे पौंडांच्या व्याजासाठी ते परवडत नाही, गणित करून बघा.

चहाबाज | १६ जानेवारी

आणि रुपयाचं काय? गेल्या वर्षभरात पौंड रुपयापुढे चांगलाच वधारला. ज्यांना पैसे पौंडात परत हवेत त्यांचं एफडीचं सगळं व्याज त्यातच वाहून गेलं. घर नाशिकला घ्यायचं असेल तर गोष्ट वेगळी.

मुलुंड_ते_मिल्टनकीन्स | १७ जानेवारी

ट्रान्स्फर करणाऱ्या मराठी मंडळींना एक खास इशारा. माझी ट्रान्स्फर अडकली ती नावामुळे. पासपोर्टवर माझ्या नावापुढे वडिलांचं नाव गिव्हन नेम्समध्येच आहे. जुन्या बँकेत खातं पासपोर्टप्रमाणे, पूर्ण नावाने. नव्या ॲपमध्ये मी सुटसुटीत म्हणून नुसतं नाव आणि आडनाव टाकलं. जुनीने 'तपशील जुळत नाहीत' म्हणून मागणी परत पाठवली, आणि नवीने मला ते कळवलं बऱ्याच उशिरा. मग दोन्हीकडे फोन, दोन्हीकडे तेच संगीत.

बायकांचं तर अजून कठीण. लग्नाआधीचं नाव एका खात्यात, नवऱ्याचं नाव मधे घातलेलं दुसऱ्यात. फॉर्म पाठवण्याआधी दोन्हीकडची नावं आणि पत्ते अक्षरशः सारखे करून घ्या. घर बदललं असेल तर जुन्या बँकेत पत्ता आधी बदला.

थेम्सकाठची | १७ जानेवारी

मुलुंडकर, हजार धन्यवाद. आत्ता बघितलं तर सोसायटीत माझा पत्ता अजून स्लाउचाच आहे! आणि हो, त्यांच्या पत्रावर खाते क्रमांकाच्या जोडीला 'रोल नंबर' असं काहीतरी आहे. शाळेत आल्यासारखं वाटलं. फॉर्ममध्ये कुठला द्यायचा?

मुलुंड_ते_मिल्टनकीन्स | १७ जानेवारी

दोन्ही. बिल्डिंग सोसायट्यांमध्ये रोल नंबर हीच तुमची खरी ओळख असते. फॉर्ममध्ये वेगळी जागा नसेल तर नव्या बँकेला मेसेज करून विचारा, अंदाजाने भरू नका.

हॅरोकर | १८ जानेवारी

मगाशी विरोधात बोललो, पण आता आयसाकडे वळायचं म्हणतोय. एकच भीती: फिक्स्ड म्हणजे पैसे अडकले ना? नोकरीचं काही खरं नाही सध्या.

व्याजबट्टा | १८ जानेवारी

इथे आयसा साध्या बाँडपेक्षा बरा. फिक्स्ड बाँडमध्ये मुदतीआधी पैसे बहुतेक मिळतच नाहीत. आयसात मात्र बँकेला तुमचे पैसे मागाल तेव्हा द्यावेच लागतात, तसा नियमच आहे. बदल्यात दंड घेतात, अमुक दिवसांचं व्याज. एक वर्षाच्या खात्याला ९० ते १८० दिवस, पाच वर्षांच्या खात्याला वर्षभराचं व्याजही असू शकतं.

पण हा दंड जमलेल्या व्याजापेक्षा जास्त झाला तर मुद्दलातून कापतात. २०,००० पौंड ४ टक्क्यांनी, दंड १८० दिवसांचा. तीन महिन्यांत मोडलात तर व्याज जमलं २०० च्या आसपास, दंड साधारण ३९५. हातात येणार २०,००० पेक्षा कमी. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: चार-सहा महिन्यांचा घरखर्च इझी ॲक्सेसमध्ये ठेवा आणि उरलेल्यालाच हात लावा. दर ४.१ आहे की ४.२ याच्यापेक्षा पैसे कधी लागणार ही तारीख महत्त्वाची. लोक दशांश चिन्हावर भांडतात आणि तारीख विसरतात.

एक की दोन वर्षं, हेही कोणीतरी विचारेलच. बँक ऑफ इंग्लंडचा बेस रेट ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ होता, गेल्या महिन्यात ३.७५ वर आला. पुढे काय होईल ते मला माहीत असतं तर मी इथे टंकत बसलो नसतो. निम्मे एकात, निम्मे दुसऱ्यात करायलाही आता अडचण नाही. एप्रिल २०२४ पासून एका वर्षात कितीही कॅश आयसांत नवे पैसे टाकता येतात, फक्त बेरीज २०,००० च्या आत हवी. पूर्वी वर्षाला एकच चालायचा.

थेम्सकाठची | १९ जानेवारी

मग माझ्या त्या ॲपमधल्या ६,००० चं काय करू? तेही याच नव्या खात्यात आणता येतील? आणि उरलेले १४,०००?

व्याजबट्टा | १९ जानेवारी

६,००० तुमचा राखीव साठा असेल तर तिथेच राहू द्या. आणायचेच असतील तर सगळे किंवा थोडे, दोन्ही नियमात बसतं. चालू वर्षाचे पैसे अर्धवट हलवायची मुभाही २०२४ पासूनच आहे, पण प्रत्येक बँक ती देतेच असं नाही. आणलेत तरी ते 'या वर्षीचे ६,०००' म्हणूनच मोजले जातात, तुमची १४,००० ची जागा तशीच राहते.

नव्या पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी बघा. काही फिक्स्ड खात्यांत पहिली रक्कम आली की दार बंद, नंतर एक पौंडही टाकता येत नाही. त्यामुळे १४,००० आणि ट्रान्स्फर दोन्ही चालतात का ते आधी विचारा. दुसरं, यंदा ५ एप्रिलला ईस्टरचा रविवार आहे. शुक्रवार गुड फ्रायडे, म्हणजे शेवटचा कामाचा दिवस गुरुवार २ एप्रिल. ऑनलाइन पैसे सुट्टीतही जातात, पण ओळख पटवण्यात किंवा फसवणुकीच्या तपासणीत अडकलं तर फोन उचलायला माणूस नसेल. मार्चमध्येच उरका. ट्रान्स्फरला ५ एप्रिलची मुदत नाही, ती फक्त नव्या पैशांना.

परतीची_वाट | २० जानेवारी

आम्ही पुढच्या वर्षी पुण्याला कायमचे परततोय. आयसा बंद करावा का? तिकडे गेल्यावर त्याच्यावर कर लागेल असं एकाने सांगितलं, दुसऱ्याने सांगितलं लागणार नाही.

व्याजबट्टा | २० जानेवारी

दोघंही अर्धे बरोबर. यूकेच्या बाजूने: खातं चालू ठेवता येतं, व्याज इथे करमुक्तच राहतं, एका बँकेतून दुसरीत ट्रान्स्फरही करता येते. पण तुम्ही यूकेचे रहिवासी राहिला नाहीत की त्यानंतरच्या करवर्षापासून नवे पैसे टाकता येत नाहीत, आणि गेल्याचं बँकेला कळवावं लागतं. भारतातला पत्ता असलेल्या ग्राहकाला नवं खातं देतील अशा बँका मोजक्या. म्हणून निघण्याआधीच लांब मुदतीचा फिक्स्ड घेऊन ठेवणारे बरेच दिसतात.

भारताच्या बाजूने: आयसा ही चीज भारतीय आयकर कायद्याला ठाऊकच नाही. बरीच वर्षं बाहेर राहून परतलात तर सुरुवातीची दोन-तीन वर्षं तुमचा दर्जा सहसा आरएनओआर (रहिवासी, पण 'सामान्यतः रहिवासी' नाही) असतो, तेव्हा इथलं व्याज तिथे करपात्र नाही. पुढे पूर्ण रहिवासी झालात की व्याज तुमच्या स्लॅबने करपात्र, आणि रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) खातं दाखवावंच लागतं. ते लपवलं तर दंड व्याजाच्या कैकपट असतो. पुण्यात दोन्ही देशांचं बघणारा सीए गाठा, इथल्या कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही.

थेम्सकाठची | २२ जानेवारी

पत्ता बदलला, नाव दोन्हीकडे सारखं केलं, एक वर्षाचा ४.१ वाला उघडला. त्यांची खिडकी ४५ दिवसांची आहे, त्यामुळे तारखेत बसतंय. फॉर्मवर ११ फेब्रुवारी लिहिली. १४,००० पैकी ८,००० पगाराच्या साठ्यातून टाकणार आहे, ट्रान्स्फर आणि नवे पैसे दोन्ही चालतात असं त्यांनी मेसेजवर लेखी दिलंय. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. चहाबाज यांचा प्रतिसाद त्याला आवडलेला नाही.

चहाबाज | २२ जानेवारी

चहाला बोलवा, मिटवून टाकू.

लेस्टरचा_आबा | २३ जानेवारी

जाता जाता माझाही एक प्रश्न. आमच्या मंडळातल्या एका काकूंचे यजमान दिवाळीनंतर वारले. त्यांच्या नावावर सत्तर हजारांच्या आसपास कॅश आयसा आहे. काकूंची मुलं म्हणतात खातं बंद करून पैसे साध्या खात्यात घ्यावेत, आईची मर्यादा वीसच हजार आहे. असंच करावं लागतं का?

व्याजबट्टा | २३ जानेवारी

नाही आबा, घाई करू देऊ नका. पती किंवा पत्नी गेली की मागे राहिलेल्या जोडीदाराला तेवढ्या रकमेची एकदाच जास्तीची मर्यादा मिळते, स्वतःच्या २०,००० च्या वर. दोघं एकत्र राहत असायला हवेत, एवढी अट. मृत्युपत्रात पैसे दुसऱ्या कोणाला दिले असले तरी ही मर्यादा काकूंचीच, त्या स्वतःच्या इतर पैशांतून वापरू शकतात. मुदत मृत्यूपासून तीन वर्षं, किंवा इस्टेटीची कामं संपल्यावर १८० दिवस, यातलं जे नंतर येईल ते.

ज्या बँकेत काकांचा आयसा आहे तिथे 'ॲडिशनल परमिटेड सबस्क्रिप्शन' हे नाव सांगून फॉर्म मागा. तिथले दर चांगले नसतील तर ही जादा मर्यादा दुसऱ्या बँकेत हलवता येते, पण ती घेणारी बँक आधी शोधावी लागते, कारण सगळ्या घेत नाहीत. मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला आणि काकांचा नॅशनल इन्शुरन्स नंबर लागेल. लग्नाचा दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधी करून घ्या.